पीपीला (खाल्ल्यावर दोन तासांनी होणाऱ्या साखरेच्या तपासणीला) येताना रोजचाच नाश्ता करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या मधुमेहींच्या यादीत शिजवलेला नाश्ता सरसकट वर्ज्य ठरवलाय आणि 'नाश्ता टाळला तरी चालेल' असंही म्हटलंय. माझी सारी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्यात गेली. मलाही मधुमेह आहे, म्हणून हे पत्र.

दोष शिजवण्याचा नाही. धान्य किती बारीक केलंय, किती गाळ शिजवलंय, यावर साखर किती झपाट्याने चढणार ते ठरतं. जाडसर ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ साखर किती झपाट्याने चढवतो याचा आकडा) ५५ च्या आसपास, तर पाणी ओतलं की तयार होणाऱ्या ओट्सचा ७५ च्या पुढे. अंड्यात तर पिष्ट जवळजवळ नसतंच, मग ते उकडा नाही तर परता. मी आधी अंडं आणि भाजी संपवते, धान्य शेवटी आणि थोडंच. प्रथिनं आणि तंतू आधी गेले की जठर सावकाश रिकामं होतं. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढलेली असतात, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. म्हणून पुष्कळ मधुमेहींचा दिवसातला सर्वांत चढा आकडा नाश्त्यानंतरचाच असतो.

आणि तोच आकडा लोक लपवतात! पीपीच्या दिवशी कितीतरी जण एखाद्या बिस्किटावर भागवून यायचे. रिपोर्ट अर्थातच छान. पण तो त्या बिस्किटाचा, रोजच्या ताटलीचा नव्हे; आणि डॉक्टर औषध ठरवणार ते त्यावरून. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हेही अनेकांना दर वेळी सांगावं लागे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी (गर्भवती सोडून) खाण्याआधी रक्तातली साखर ८० ते १३० मिग्रॅ/डेलि आणि खायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत, असं लक्ष्य सांगते. घरी ग्लुकोमीटर असेल तर आपल्याला कुठला नाश्ता मानवतो ते त्यावरच कळतं. शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

तेव्हा पुढच्या यादीत पदार्थांच्या नावांसोबत धान्याचं प्रमाण आणि शिजवण्याची रीतही द्यावी. 'नाश्ता टाळला तरी चालेल' हे वाक्य मात्र तसंच सोडू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन कुणी उपाशी राहिलं, तर साखर ७० च्याही खाली जाऊ शकते. असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, हे पुढच्याच अंकात ठळक छापावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन