डोस गावात, मग तपासणी बांबोळीला कशाला?

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

सादर नमस्कार.

एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात करायची असते. पेंटा लसीचा पहिला डोसही त्याच आठवड्यात येतो आणि त्यासाठी आई बाळाला घेऊन गावच्या केंद्रात येतेच. त्याच फेरीत टाच टोचून रक्ताचे थेंब घ्यावेत आणि ही सोय राज्यातल्या प्रत्येक सामाजिक व प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी, एवढीच मागणी आहे.

फार काही लागत नाही. वर्तुळे छापलेले गाळणकागदाचे कार्ड, ते रक्ताने भरायचे, सावलीत सुकवायचे, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. बर्फाचा डबाही नको. (आपल्या आषाढातल्या हवेत कार्ड घाईने पिशवीत घातले, तर नमुना वाया गेलाच म्हणून समजा.) नेहमीची अँटिबॉडी चाचणी इथे उपयोगाची नाही. आईची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. आणि तेवढे थांबणार कसे? बाधित बाळांना औषध मिळाले नाही, तर त्यांतली सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधीच दगावतात. लगेच औषध सुरू केल्यास मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने २००८ सालीच दाखवले आहे.

गावात गुप्तता कशी राहणार, हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात नर्सबाईची नणंद शेजारच्याच वाड्यावर दिलेली असते. पण बाळंतीण दीड महिन्याचे बाळ घेऊन कदंब बसने वाळपईहून पणजी, तिथून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) अशी निघाली, की वाड्यावर चर्चा होत नाही थोडीच! डोसच्या रांगेत निदान "कशाला आलीस?" असे कुणी विचारत नाही. वेगळे टेबल आणि वेगळ्या रंगाची फाइल तेवढी टाळा. ज्या आईला गावचे केंद्र नकोच, तिला दुसरे निवडू द्या. १९८९ साली याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे म्हणून कोंडून ठेवले होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आता गुप्तता बंधनकारक आहे, ती कर्मचाऱ्यांना नुसत्या परिपत्रकाने शिकवता येणार नाही.

पहिले बाळंतपण माहेरी होते, ही गोष्टही नियोजनात धरा. सत्तरी-डिचोलीतल्या अनेक सुनांचे माहेर राज्याच्या सीमेपलीकडे, दोडामार्ग, खानापूरकडे. आईची नोंद इथे, बाळ तिथे, आणि सहावा आठवडा मधल्या मध्ये उलटून जातो. गरोदरपणातच माहेरचे केंद्र विचारून, तिच्या संमतीने तिकडे कळवायला काय हरकत आहे? शिवाय अहवाल निगेटिव्ह आला तरी बाळ सहा महिन्यांचे, वर्षाचे, दीड वर्षाचे झाले की पुन्हा तपासावे लागते. दर खेपेला बसभाडे आणि बुडालेला रोज.

येत्या विधानसभा अधिवेशनाआधी तालुकावार जाहीर करा: कोणत्या केंद्रात ही कार्डे आहेत, टाच टोचायचे प्रशिक्षण कुणाला मिळाले आहे आणि अहवाल आईच्या हाती पडायला किती दिवस लागतात.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त परिचारिका