‘आप्त’ लिहिलेल्या खोलीत माणूस कधी बसणार? कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

साहेब, सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई. पिठाची गिरणी चालवते. पत्र मराठीत लिहितेय, कारण जे सांगायचंय ते मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही. बाजारापुरतं, बसपुरतं, दवाखान्यात चिठ्ठी काढण्यापुरतं कन्नड येतं, त्यापुढचं नाही. तुम्हाला हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. घ्याल तेव्हा तो काय गाळतोय आणि काय आपल्या मनानं घालतोय, याकडे जरा लक्ष ठेवा. माझी मुलगी ४१ दिवसांची बाळंतीण असताना तिच्या मनातलं असंच दुसऱ्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत गेलं.

गेल्या मंगळवारचं आधी सांगते.

मागच्या वर्षी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात शिबिर झालं. मंडप, हार, भाषणं. तुमच्या खात्याच्या एका साहेबांनी माईकवर सांगितलं की बाळंतिणींसाठी आणि पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी दर पंधरा दिवसांनी मराठी बोलणारी समुपदेशक बाई इथं बसेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोली ठरली, दारावर कन्नडमध्ये पाटी लागली : ‘आप्त समालोचने’, म्हणजे समुपदेशन. पुतण्याकडून वाचून घेतली तेव्हा बरं वाटलं, कारण आप्त आमच्यातही आहे. आप्त म्हणजे आपलं माणूस.

मंगळवारी ती खोली उघडायला लावली. आत ओआरएसचे खोके छतापर्यंत रचलेले, एक मोडका वजनकाटा, खुर्चीवर पालथी घातलेली खुर्ची. औषधं देणारा पोरगा म्हणाला, “मावशी, त्या बाईंचा हुद्दाच मंजूर झाला नाही. कोण येणार नाही आता.” मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन माझ्या मागं उभी होती. काही बोलली नाही. ओढणीनं बाळाचं तोंड पुसलं आणि फाटकाकडे चालू लागली.

साहेब, त्या पाठमोऱ्या चालण्यामुळं हे पत्र लिहितेय.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा झाला, पेढे वाटले. आठव्या-दहाव्या दिवसापासून ती रडायला लागली. मी म्हटलं, ओल्या बाळंतिणीचं मन हळवं असतं. पण पंधरा दिवस गेले, महिना गेला. बाळ झोपलं तरी ही जागी. डिंकाचा लाडू हातात धरून तास तास बसायची. बाळ रडत असायचं आणि ही भिंतीकडे बघत असायची. एका संध्याकाळी मला म्हणाली, “आई, विळी माळ्यावर टाक. मला दिसायला नको.” मी टाकली. का, ते विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

शेजारणी म्हणाल्या बाळंतवात झालाय. विहीणबाई म्हणाल्या सौंदत्तीच्या यल्लम्माची ओटी राहिलीय. कुणी अंगारा आणला. मीही काळा दोरा बांधला, खोटं कशाला बोलू. आणि प्रत्येक जण वर म्हणायचा : मुलगा झालाय, आता रडायला काय झालं?

४१व्या दिवशी तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कन्नड बोलणारे. माणूस वाईट नव्हता. बाहेर दीडशे पेशंट, आत आम्ही. मराठी कुणाला येतं म्हणून त्यांनी झाडलोट करणाऱ्या मामांना बोलावलं. एका हातात झाडू धरलेला तो परका पुरुष, दाराशी जावई, आणि माझ्या पोरीनं तिच्या मनातली सगळ्यात लपवलेली गोष्ट त्या सगळ्यांसमोर सांगायची. ती एवढंच म्हणाली, “मी बेजार झालेय.” मामांनी सांगितलं, “बेजारागिदे अंते.” डॉक्टर हसून म्हणाले, पहिलं बाळ आहे, घरात बसून असं होतं, टीव्ही बघा, फिरा. टॉनिक लिहून दिलं.

तुम्हाला दोन्ही भाषा कळणारा कुणीतरी विचारा. मराठीत बेजार म्हणजे सोसवेना होणं, जीव नकोसा होणं. कन्नडमध्ये कंटाळा आला तरी बेजार म्हणतात, नाराज झालं तरी बेजार. मामांनी शब्द चुकवला नाही, तोच शब्द दिला. माझी मुलगी म्हणत होती सोसवत नाही, आणि डॉक्टरांना ऐकू आलं कंटाळा आलाय.

ताप, रक्तदाब, हिमोग्लोबिन मोजायला भाषा लागत नाही. मनाचा उपचार मात्र बोलण्यापासूनच सुरू होतो. तिथं भाषा हेच औषध आणि बंद दाराची खोली हीच सिरिंज. या दोन गोष्टी नसतील तर दारावर कसलीही पाटी लावा.

शेवटी एका नातेवाइकानं कोल्हापूरच्या समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. तिसऱ्या भेटीत मुलगी बोलली. “मला बाळ आवडत नाही असं नाही, माझ्या हातून त्याला काही होईल असं सारखं डोक्यात येतं.” विळी कशासाठी माळ्यावर गेली ते मला तेव्हा कळलं. बाई म्हणाल्या, असे विचार कितीतरी नव्या आयांना येतात, त्या लाजेनं सांगत नाहीत. विचार आला म्हणजे तू वाईट आई झालीस असं नाही. त्यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या. रात्रीचं एक दूध मी पाजायचं आणि तिनं सलग पाच तास झोपायचं, असं ठरवून दिलं. रोज गिरणीपर्यंत चालत यायचं. ऐकायला साध्या गोष्टी आहेत. सहाव्या भेटीनंतर तिनं स्वतःहून बाळाला न्हाऊ घातलं.

एका फेरीला फी आणि भाडं धरून दीड हजार जातात. शक्ती योजनेची फुकट बस राज्याच्या आतली, कोल्हापूरच्या गाडीला तिकीट काढावंच लागतं. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये मला मिळतात, त्याबद्दल सरकारचे आभार. त्यातले पाऊण एका फेरीतच जातात. म्हणून परत तुमच्या त्या खोलीकडे आलो होतो.

हे एका घरचं रडगाणं समजू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरीब आणि मध्यम देशांत बाळंत झालेल्या शंभरातल्या जवळजवळ २० बायकांना मनाचा आजार होतो, त्यात मुख्य नैराश्य. भारतातल्या अनेक अभ्यासांची २०१७ साली एकत्र मोजदाद झाली, त्यात हा आकडा २२ टक्के निघाला. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात झोप नाही, रक्त कमी. दोन आठवड्यांत थांबतं ते साधं हळवेपण. थांबत नाही तो आजार, आणि तो बरा होणारा आजार आहे. तो ओळखायला दहा प्रश्नांचा एक कागद १९८७ सालापासून जगभर वापरतात. पाच मिनिटांचं काम. मुलीच्या तायी कार्डावर, म्हणजे सरकारनं दिलेल्या बाळंतपणाच्या कार्डावर, वजन आहे, रक्तदाब आहे, लोहाच्या गोळ्या आहेत, इंजेक्शनच्या तारखा आहेत. “झोप लागते का, रडू येतं का” यासाठी मला तिथं एक ओळ सापडली नाही.

आता माझंही सांगते. नको म्हटलं तरी वर येतंय.

१९९८ साली पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं. तिसऱ्या दिवशी मी शेतात होते. सासूबाई म्हणाल्या, विसर, अजून वय आहे. २०११ साली अंगावर जास्त जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात दाखवलं. त्यांनी सांगितलं पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दुसरा काही इलाज आहे का, हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ३६ वर्षांची होते. त्यानंतर अंगाची आग, रात्रीचा घाम, विनाकारण डोळ्यांत पाणी. नवरा म्हणायचा, आता तर पाळीचीही कटकट नाही, रडतेस कशाला? गिरणीवर येणाऱ्या बायकांत माझ्यासारख्या किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. चक्की चालू असली की त्या माझ्या कानाशी येऊन बोलतात, कारण त्या घरघरीत तिसऱ्याला ऐकू जात नाही. गावात बायकांनी मन मोकळं करायची तेवढीच एक जागा आहे. तिथं मी बसते, आणि मला दळण्यापलीकडे काही येत नाही.

कोल्हापूरच्या बाईंनी मुलीची माहिती लिहून घेताना मला सहज विचारलं, “तुम्हाला किती मुलं?” मी म्हटलं, “दोन.” त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग मी म्हटलं, “तीन.” सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

साहेब, आमच्या गर्भाशयापर्यंत यायचा रस्ता सरकारला नेमका माहीत आहे. देशात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालीय आणि पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के, हे सरकारच्याच पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी गाडी येते. ऑपरेशननंतर त्या बाईच्या मनाचं काय झालं, हे विचारायला कोण येतं? विनाकारण पिशव्या काढू नयेत म्हणून केंद्रानं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. आमच्या तालुक्यात त्या सूचना मराठीत लावलेल्या मी कुठंही पाहिल्या नाहीत.

कायदा तर आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू. पुतण्या वकिली शिकतो, त्यानं वाचून दाखवला. कलम १८ म्हणतं, मनाच्या उपचारासाठी कुणालाही लांब जायला लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ हवी. कलम २१ म्हणतं, बाईला उपचाराला ठेवलं तर तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून शक्यतो तोडू नये. किती माणुसकीनं लिहिलंय! वाचताना मला रडू आलं. आणि खालचा माणूस म्हणतो हुद्दाच मंजूर नाही.

१४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, त्यात मराठीही आहे. चांगली सोय आहे, ज्या बायकांना आज आत्ता गरज आहे त्यांनी लावावाच. पण जंगलाकडच्या वाड्यांवर रेंज नाही, फोन नवऱ्याच्या खिशात असतो, आणि एका खोलीच्या घरात सासूसमोर सासूबद्दल कसं बोलायचं?

पैसे नाहीत, माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना शिकवून मनाचे आजार सांभाळता येतात, हे १९८०च्या दशकात आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीत बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकारांच्या संस्थेनं दाखवलं; त्याच नमुन्यावर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथं ‘संगत’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, गरोदर बायकांसाठी त्यांच्यासारख्याच बायकांना शिकवून, नैराश्यावर बोलण्याचे उपचार करून दाखवले. आमच्या आशा ताई घराघरांत जातात, त्यांना मराठी येतं, कन्नड येतं. त्यांना शिकवा. पण त्याचं वेगळं मानधन द्या, आधीच त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर किती रजिस्टरं आहेत!

भाषेचं नाव काढलं की तुम्ही सावध व्हाल, ठाऊक आहे. १९५६ पासून इथं भाषेवरून भांडण आहे, २००४ पासून सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. पाट्यांवरून डोकी फुटली, बसला काळं फासलं, सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, दर थंडीत अधिवेशन भरतं. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमेवरच्या ८६५ गावांना विमा योजना दिली तर त्यावरूनही वाद. माझा राग दोन्हीकडच्या पुढाऱ्यांवर आहे. एवढ्या वर्षांत एकाही मोर्चात मी ऐकलं नाही की बाळंतिणीच्या खाटेजवळ तिच्या भाषेतलं माणूस द्या. भांडणारे सगळे पुरुष, म्हणून असेल. तिकडं जत, अक्कलकोटला कन्नड बोलणाऱ्या बायका आहेत. तिथल्या मराठी डॉक्टरसमोर त्यांचीही अशीच गत होत असेल. त्यांच्यासाठीही मी हेच मागेन. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या मुलीचा हात धरून बसलेली एकमेव बाई बैलहोंगलकडची कन्नड सिस्टर होती. तिला मराठी येत नव्हतं, मुलीला कन्नड नीट येत नव्हतं. तिनं पाठीवरून हात फिरवला. पुढं तिलाही काही करता येईना.

पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, असं ठरून साठ वर्षं झाली. सूचना नंतर काढा. आधी आमच्या तालुक्याला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी एक समुपदेशक बाई द्या, आणि दुभाष्या लागलाच तर बाई द्या, नात्यातली नको आणि गावातली नको. त्या खोलीतले खोके हलवायला मी गिरणीवरची दोन पोरं पाठवते. मजुरी मागणार नाही.

मुलीच्या तायी कार्डाच्या मागं मी बॉलपेननं लिहिलंय : “झोप नाही, रडते, बाळाला घ्यायला घाबरते.” खाली तारखा घालत गेलेय. सहाव्या भेटीनंतरच्या तारखेपुढं लिहिलंय, “आज न्हाऊ घातलं.” मंगळवारी सिस्टरनी कार्ड उलटून बघितलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? वाचता येत नव्हतं त्यांना. पुढच्या मंगळवारी कार्ड घेऊन परत येते.

आपली,
एक आई, बेळगाव जिल्हा