बाळांच्या चष्म्यासाठी वर्गणी हवीये

मंडळी नमस्कार, गणपतीची वर्गणी वेगळी, ही वेगळी, तेव्हा जरा शेवटपर्यंत वाचा.

मोतीबिंदू म्हटलं की आपल्याला आजोबाच आठवतात, पण काही बाळं तो जन्मतःच घेऊन येतात. कधी तो घराण्यातच असतो, कधी गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला होऊन गेलेला असतो, जरासं पुरळ आलं नि गेलं, कोणी लक्षच दिलं नाही. गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार) किंवा डाऊन सिंड्रोममुळेही होतो. आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही, त्यामुळे "ग्रहणात भाजी चिरली असशील" असं त्या बिचारीला ऐकवणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं.

सगळेच मोतीबिंदू सारखे नसतात हं. डोळ्यातल्या भिंगाच्या पुढच्या टोकाला बारीक ठिपका असेल तर डॉक्टर बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात. पण मधोमध दाट असेल किंवा अख्खं भिंगच पांढरं असेल तर दीड-दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन व्हायला पाहिजे, कारण त्याच वयात मेंदू बघायला शिकतो, उशीर झाला तर नंतर भिंग काढूनही नजर पूर्ण येत नाही.

ऑपरेशनचं बहुतेक वेळा जमतं, मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांच्या सरकारी योजनेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. खरी ओढाताण पुढे. इतक्या लहान बाळाला बहुधा लगेच कृत्रिम भिंग बसवत नाहीत, जाड भिंगाचा चष्मा लागतो, तो मागून इलास्टिकने बांधायचा, बाळ तो ओढून फेकणार, काडी मोडणार, आणि डोळा वाढतो तसा नंबर बदलत राहणार की परत नवा. एकाच डोळ्यात असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे दुसरा डोळा बघायला शिकतो, मग आजीला दया येते, "रडतंय गं लेकरू, काढ ते", झालं, मेहनत पाण्यात! झाबुआ-बडवानीहून बाळ घेऊन परत परत इंदूरला यायचं म्हणजे बसभाडं आणि बुडालेली मजुरी आलीच.

म्हणून आपलं मंडळ चष्मे, पट्ट्या आणि भाड्यासाठी पैसे गोळा करतंय. शंभर रुपये द्या, हजार द्या, पावती मिळेल. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरवाल्यांपैकी कोणाकडे बाळ-आईला एक रात्र ठेवायला खोली असेल, किंवा बसस्टँडवरून आणायला गाडी, तर तेही सांगा, पैशापेक्षा त्याची चणचण जास्त आहे.

आणि घरात तान्हं असेल तर त्याच्या डोळ्याची बाहुली पांढरट दिसते का ते नीट बघा, फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला तर "मोठं झालं की जाईल" म्हणत बसू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. वर्गणी संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात, नाहीतर तिथल्या स्कॅनरवर.