सॉफ्टवेअर सोपं, पण कुणाला?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

लाकूड कापायचं सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) घ्यायचं नक्की झालं, जोगेश्वरीचा गाळाही मिळाला, फार बरं वाटलं. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर सोपं, ते विचारलंस तेव्हा मी बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

‘सोपं सांगा’ म्हणालीस. सोपं कुणाला, ते आधी ठरव. तू आर्किटेक्चर शिकलेली, तुला काहीही जमेल. पण गणपतीच्या तोंडावर तू दादरला गिऱ्हाइकाकडे अडकलेली असशील आणि मशीनपुढे कामाला ठेवलेला पोरगा एकटा असेल. मखराची कमान २ इंच आत घ्यायची झाली, तर तुला फोन न करता त्याला ती घेता आली पाहिजे. माझी कसोटी एवढीच. थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली तेव्हापासून एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) मखरांना मागणी आहे, आणि सीझनमध्ये कुणाला शिकवत बसायला वेळ नसतो.

म्हणून माझं मत व्हीकार्व्ह या सॉफ्टवेअरला. चित्र काढणं आणि टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग आखणं, एकाच खिडकीत होतं, आणि कापण्याआधी लाकूड कसं दिसेल ते पडद्यावर दिसतं. कटर रेषेच्या आतून जातोय की बाहेरून, हे त्या पोराला तिथेच कळेल, शीट वाया गेल्यावर नाही. मात्र त्याची स्वस्तातली ‘डेस्कटॉप’ आवृत्ती घेऊ नकोस. त्यात काम २५ बाय २५ इंचांपुरतंच, आणि तुझं शीट ८ बाय ४ फुटांचं. ‘प्रो’ घे, त्यात नेस्टिंगही आहे, म्हणजे एका शीटवर तुकडे दाटीने बसवून मिळतात. पैसे एकदाच भरायचे, दरवर्षीचं भाडं नाही. आधी चाचणी आवृत्ती उतरवून त्या पोरालाच हाताळायला दे. मशीनसाठी आपल्या डिझाइनची फाइल ती काढू देत नाही, पण हात कितपत बसतो ते कळतं.

ऑटोडेस्क कंपनीचं फ्यूजन हे दुसरं सॉफ्टवेअर ताकदीचं आहे, पण मखरं आणि पाट्यांसाठी नाही. त्याची फुकट आवृत्ती घरगुती वापरासाठी असते, धंद्याला चालत नाही. बाजारात कुणीतरी पेनड्राइव्हवर आर्टकॅम हे जुनं सॉफ्टवेअर देऊ करेलच. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्येच बंद केलं. चोरीची कॉपी ऐन घाईत बंद पडली तर दाद कुणाकडे मागणार?

आता नावाच्या पाट्या. इथे भले भले आपटतात. मशीनचा मार्ग आखणाऱ्या बऱ्याच (कॅम) सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढ, ते फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट बसवतं. मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून ग्रुप सोडव आणि सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ दे. हे विसरलीस तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी राहते, कटर प्रत्येक सांध्यावर आत वळतो आणि सलग रेघेच्या जागी तुकडे हातात येतात. युनियन झालं की एसव्हीजी फाइल करून व्हीकार्व्हमध्ये घे. कुठलंही सॉफ्टवेअर तपासताना ‘कुऱ्हाडे’ लिहून बघ. अर्धा र टिकला तर पुढे बोल.

दुसरं, टूल डेटाबेस, म्हणजे सॉफ्टवेअरमधली कटरची यादी, स्वतः बसून भर. ६ मिमीचा दोन धारांचा बिट (कटर), मिनिटाला १८,००० फेरे आणि मिनिटाला ३,६०० मिमी फीड (पुढे सरकायचा वेग) धरलं तर एकेक धार ०.१ मिमी लाकूड काढते. नवीन माणूस घाबरून फीड निम्म्यावर आणतो. मग भुसा पिठासारखा बारीक येतो, बिट तापतो आणि एमडीएफची कड काळी पडते. १८ मिमी प्लाय एका दमात कापू नको, तीन पासमध्ये काढ. हे आकडे एकदा सेव्ह झाले की पोराला फक्त बिटचं नाव निवडायचं.

राहिला पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथ मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग. मशीनवर पेनड्राइव्ह लावायचा हातातला डीएसपी कंट्रोलर (मशीन चालवणारा डबा) आहे की मॅक३ हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर असलेला पीसी, त्यावर फाइल कुठल्या बोलीत काढायची ते ठरतं. कंट्रोलरचं नाव व्हीकार्व्हच्या यादीत आहे ना, ते बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नको. विकणारा ‘सगळं चालतं’ म्हणेल, तेव्हा त्याच्याकडेच आपली फाइल कापून दाखवायला सांग. मीही येतो बरोबर. शनिवारी मला नागदेवी स्ट्रीटला जायचंच आहे, ६ मिमीचे दोन बिट तुझ्यासाठीही घेईन. कंट्रोलरच्या मागच्या लेबलचा फोटो त्याआधी पाठव.

तुझे,
बाबा