गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. ओटीपोटाचे एमआरआय वाचण्यात माझा बराचसा दिवस जातो. सरकारी रुग्णालयात नवे यंत्र आले की त्याची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. हे पत्र मात्र यंत्र बसल्यानंतर काय होते, त्याबद्दल आहे. गुदाशयाच्या कर्करोगात एमआरआय कसा काढला आणि रिपोर्टमध्ये काय लिहिले, यावर पुढचे उपचार ठरतात. म्हणून या तपासणीची पद्धत आणि रिपोर्टचा नमुना शासनाने आदेश काढून ठरवून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे 15 सेंटिमीटरचा भाग. त्याच्याभोवती चरबी असते आणि चरबीबाहेर एक पातळ पडदा असतो, मेसोरेक्टल फॅसिया. ही चरबी पडद्यासकट अखंड काढली पाहिजे, हे इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडले. काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचलेला असेल तर तो तिथेच पुन्हा उद्भवण्याचा धोका खूप वाढतो, हे फिल क्वर्क यांनी 1986 मध्ये दाखवले. त्यामुळे सर्जनला आमच्याकडून सर्वात आधी एकच गोष्ट हवी असते: गाठ आणि तो पडदा यांच्यात अंतर किती? ते 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर थेट शस्त्रक्रिया धोक्याची, आधी रेडिएशन आणि केमोथेरपीचा विचार करावा लागतो. अंतर पुरेसे असेल आणि धोक्याच्या इतर खुणा नसतील, तर काही रुग्णांचे रेडिएशन टळू शकते. ते टळणे ही लहान गोष्ट नाही. शौचावरचा ताबा, लैंगिक आयुष्य, तरुण रुग्णांची अपत्यप्राप्ती, सगळे त्यात येते.

एमआरआयला हे अंतर खरेच दिसते का? युरोपातल्या 4 देशांमधल्या 11 केंद्रांनी मिळून केलेल्या मर्क्युरी अभ्यासाने 2006 मध्ये त्याचे उत्तर दिले. ज्या रुग्णांच्या काढलेल्या भागाची कड शस्त्रक्रियेनंतर खरोखर कर्करोगापासून मोकळी निघाली, त्यांतल्या 92 टक्क्यांच्या बाबतीत एमआरआयने ते आधीच बरोबर सांगितले होते. पण हे आकडे ठरवून दिलेल्या पद्धतीने काढलेल्या एमआरआयचे आहेत. ओटीपोटाचा सरसकट स्कॅन काढून ते मिळत नाहीत.

फरक कुठे पडतो ते सांगतो. आधी बाजूने प्रतिमा घेतात आणि त्यात गाठ कुठे व कशी वळली आहे ते पाहतात. मग टेक्निशियन स्क्रीनवर रेघा फिरवून गाठीच्या अक्षाला काटकोनात प्रतिमेचे छेद, म्हणजे पातळ काप, लावतो, जाडी 3 मिलिमीटर किंवा कमी. नीट निघालेल्या टी-2 प्रतिमेत (एमआरआयचा एक प्रकार) चरबी पांढरी दिसते, आतड्याचा स्नायू काळा, गाठ करडी आणि तो पडदा केसासारखी बारीक काळी रेघ. हाच छेद 5-6 मिलिमीटर जाड आणि सरळ आडवा घेतला की गाठीची कड पुसट होते, आतड्याची भिंत उगाच जाड दिसते आणि भिंतीच्या आत असलेली गाठ बाहेर आल्यासारखी वाटते. मग त्या रुग्णाला नको असलेले रेडिएशन मिळू शकते. उलटही होते. या सगळ्याला वेगळे यंत्र लागत नाही. 1.5 टेस्ला चुंबकशक्तीचे यंत्र आणि शरीरावर बाहेरून लावायची, संदेश टिपणारी कॉइल पुरते, काँट्रास्टचे इंजेक्शनही सहसा लागत नाही. लागतो तो शिकलेला टेक्निशियन आणि त्याला दिलेला वेळ.

मग रिपोर्ट. ‘गुदाशयात मास, भोवतालच्या चरबीत बदल, लिम्फ नोड्स दिसतात’ एवढ्यावर कोणताही सर्जन निर्णय घेऊ शकत नाही. गुदद्वारापासून गाठ किती उंचीवर आहे, स्नायूच्या बाहेर किती मिलिमीटर गेली आहे, पडद्यापासून किती दूर आहे, स्फिंक्टरला, म्हणजे शौच रोखून धरणाऱ्या स्नायूला, भिडली आहे का, हे आकड्यांत आणि स्पष्ट शब्दांत हवे. भिंतीबाहेरच्या शिरेत शिरलेला कर्करोग तर फार वेळा लिहायचाच राहतो, आणि तो दूर पसरण्याचा मोठा इशारा असतो. लिम्फ नोडचा, म्हणजे लसिका ग्रंथीचा, नुसता आकार सांगून उपयोग नाही. लहान नोडमध्ये कर्करोग असतो आणि मोठा नोड निर्दोष निघतो. त्याची कड वेडीवाकडी आहे का, आतला रंग एकसारखा आहे का, ते लिहायला हवे.

सीटी स्कॅन यकृत आणि फुप्फुसांसाठी आवश्यकच आहे, पण भिंतीचे थर त्यात नीट उलगडत नाहीत. गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी अगदी सुरुवातीच्या गाठीत उत्तम. एमआरआयची जागा दोन्ही घेऊ शकत नाहीत.

नमुना ठरवला की डॉक्टरांचे स्वातंत्र्य जाते, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. नमुना प्रश्न ठरवतो, उत्तर डॉक्टरच देतो. एमआरआयही चुकतो. गाठीभोवतीचे तंतुमय ओरखडे कर्करोगासारखे दिसतात आणि भिंतीतली गाठ व जेमतेम बाहेर आलेली गाठ यांत गल्लत होते. म्हणूनच उपचार सुरू होण्याआधी सर्जन, ऑन्कोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून प्रतिमा पाहणेही आदेशात बंधनकारक असावे.

आणखी एक मागणी. रेडिएशननंतर काही रुग्णांची गाठ पूर्ण नाहीशी होते. अशांना शस्त्रक्रियेविना काटेकोर देखरेखीखाली ठेवता येते, हे साओ पावलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी 2004 मध्ये मांडले. ही देखरेख करायची तर नवा एमआरआय जुन्याशेजारी, त्याच कोनातून पाहावा लागतो. रुग्णाच्या हातात मात्र बहुतेकदा फिल्म असते आणि फिल्मवर 1 मिलिमीटर मोजता येत नाही. पहिल्या तपासणीच्या मूळ डिजिटल प्रतिमा रुग्णालयाने जपून ठेवाव्यात आणि त्यांची प्रत रुग्णाला न मागता द्यावी, हे कलम कृपया त्याच आदेशात घालावे.

आपला नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट