साकव मुलांना बांधू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यात राहतो. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर बसतो. हे पत्र मी एका साकवामुळे, म्हणजे ओढ्यावर घातलेल्या साध्या लाकडी पुलामुळे, लिहितो आहे.

आमच्या शाळेच्या वाटेवर एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, लागतो. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो. मृग लागला की चार दिवसांत त्याला कमरेएवढं पाणी चढतं. पलीकडच्या वाडीतली माणसं दरवर्षी पोफळीची खोडं टाकून साकव घालतात, आणि त्यावरून मुलं शाळेत येतात. मागच्या जुलैत तो साकव एका रात्रीत वाहून गेला. नऊ मुलं चार दिवस घरी बसली. परत आली तेव्हा वर्गात विषय दुसरा नव्हताच. ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला आणि म्हटलं, तुम्ही बांधून दाखवा, बघू किती वजन पेलतोय.

दोन बाकांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवलं. चौघाचौघांचे चार गट केले. प्रत्येक गटाला बांबूच्या पंधरा कामट्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, आणि सुतळीचा एक गुंडा. खिळा नाही, गोंद नाही. साकवाच्या मधोमध बादली टांगायची, तिच्यात मगाने वाळू ओतत जायचं आणि साकव खचला की बादली काट्याला लावायची. वेळ दीड तास. सगळं सामान दोनशे रुपयांच्या आत आलं, कारण बांबू मुलांनीच घरून आणला.

पहिल्या शनिवारी चारही साकव पडले. त्यातला सर्वांत देखणा होता त्याला कठडे होते, रंगीत पताका होत्या. तो चार किलोलाच बसला. मुलांचे चेहरे पडलेले पाहून मी सवयीने खडू उचलला होता. फळ्यावर आकृती काढून बरोबर उत्तर सांगून टाकणार होतो. आयुष्यभर तेच केलं. त्या दिवशी खडू खाली ठेवला आणि एवढंच विचारलं : कामटी मोडली की गाठ सुटली?

मुलं उकिडवी बसून मोडलेले साकव तपासू लागली. कामटी फक्त एका गटाची मोडली होती. बाकी तिघांच्या गाठी सरकल्या होत्या. एका मुलाचे वडील मासेमारीला जातात. त्याने जाळ्याची गाठ सगळ्यांना शिकवली. पुढच्या शनिवारी तीही सरकली, कारण ती गाठ दोरीला दोरी धरून ठेवते, गुळगुळीत बांबूला नाही. मग कोणीतरी कोयतीने बांबूला खाच पाडली. गाठ खाचेत बसली, पण कामटी नेमकी त्या खाचेशीच मोडली. खाच किती खोल घ्यायची, यावर त्या दिवशी जो वाद झाला, तसा वाद माझ्या एकतीस वर्षांच्या एकाही तासाला झालेला मला आठवत नाही. तिसऱ्या शनिवारी आठवीतल्या एका मुलीने चौकोनात एक कामटी तिरकी बांधली. घरच्या मांडवाला वडील तसाच तिरका टेकू देतात, असं ती म्हणाली. तिच्या गटाचा साकव १७ किलोपर्यंत उभा राहिला. तेव्हा कुठे मी फळ्याकडे गेलो. चार कामट्यांचा चौकोन बाजूंची लांबी न बदलता तिरपा होतो, तीन कामट्यांचा त्रिकोण होऊ शकत नाही. हे वाक्य मी शेकडो मुलांना सांगितलं असेल. त्या शनिवारी ते ऐकायला वर्ग आधीच तयार होता.

मग सहावीतल्या एका मुलाने विचारलं, महाडचा पूल वजनाने पडला का? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात जुना दगडी पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या, हे कोकणातल्या घराघरांत माहीत आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही. आम्ही अंगणात वाळूत दगडाचे दोन खांब उभे केले आणि त्यांच्यामधून पाणी सोडलं. खांबावर काहीही वजन नव्हतं. पाण्याने पायाखालची वाळू नेली आणि खांब कलला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी पऱ्यावर जाऊन साकवाचं टोक जिथे टेकतं ती जागा बघून आला. तिथे माती आहे, कातळ चार हात वर आहे, असं त्याने येऊन सांगितलं. गावाने यंदा साकव चार हात वर घ्यावा, हे त्याचं म्हणणं आम्ही ग्रामसभेत मांडलं आहे.

महोदय, आपल्याकडे यासाठी जागा नाही असं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कृतीतून शिकण्याचा आग्रह आहे. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा त्यात सांगितली आहे. आपल्या राज्याने ‘आनंददायी शनिवार’ आणला. केंद्राच्या इन्स्पायर मानक या योजनेत नव्या कल्पनेसाठी निवड झालेल्या मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये जमा होतात. मुलांनी हातांनी वस्तू घडवाव्यात म्हणून शाळेत उभारायची केंद्राची अटल टिंकरिंग लॅब आहे, तिला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. पण लॅबला स्वतंत्र जागा लागते, पट लागतो. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, दोन शिक्षकांच्या आमच्या शाळेत दोन्ही नाही. अशा शाळा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडात वाडीवाडीला आहेत. त्यांच्या वाट्याला लॅब येईल तेव्हा येईल, कामट्या आणि सुतळी उद्या येऊ शकते.

आणि विज्ञान प्रदर्शनाचं मला स्पष्ट बोललं पाहिजे. मी अनेक वर्षं मुलांना प्रदर्शनाला नेलं आणि परीक्षक म्हणूनही बसलो. तिथे येणारी बरीच मॉडेलं पालकांनी किंवा शिक्षकांनी केलेली असतात. काही तयार विकत घेतलेली असतात. मूल पाठ केलेलं भाषण म्हणतं. मॉडेल चाललं नाही तर ते रडवेलं होतं, कारण आपण त्याला शिकवलेलं असतं की न चालणं म्हणजे नापास होणं. आमच्या मुलांनी मात्र तिन्ही शनिवारी वहीत लिहिलं : काय बांधलं, किती किलोला पडलं, कुठे तुटलं, पुढे काय बदलायचं. त्या वहीला प्रदर्शनात निम्मे गुण द्या. पडलेले साकव सोबत आणू द्या. एवढा एक बदल झाला तर पालक मॉडेल करून देणं आपोआप कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. पालक पताका लावून देतील, पण मुलाच्या हातून तीनदा पडल्याची नोंद त्यांना लिहिता येणार नाही.

आता शिक्षकांविषयी, कारण खरी गोम इथे आहे. एका प्रशिक्षणात मी दिवसभर अनुभवाधारित शिक्षणावर स्लाइड पाहिल्या. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा माझे हात सकाळी होते तितकेच स्वच्छ होते. ज्या शिक्षकाने स्वतः कधी साकव बांधून पाडला नाही, तो वर्गात पहिली कामटी वाकली की घाबरून उत्तर सांगेल. मीही सांगणारच होतो. दर महिन्याला केंद्रशाळेत आमची शिक्षण परिषद भरते. तिच्यातला अर्धा दिवस यासाठी राखून द्या. मुलांना जे आव्हान द्यायचं, ते आधी शिक्षकांनी गटात करावं, त्याच सामानात, त्याच वेळेत, आणि वजनही सगळ्यांसमोर व्हावं. केंद्रप्रमुखांनीही खाली बसावं. तालुक्याला बोलावू नका. पावसात एसटीच्या वेळा सांभाळताना आमचा निम्मा दिवस वाटेतच जातो.

हे शिकवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम उभा राहिला आणि आठवी ते दहावीची मुलं त्यात गावाच्या खऱ्या गरजांवर हातांनी काम करतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शाळकरी मुलं आराखडा काढून वस्तू कशी घडवतात, याचा तिथे बारकाईने अभ्यास झाला आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ तर आमच्या अंगणातलं. जुन्या झेल्याने, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने, आंबा ओढून काढला की देठ तुटतो, चीक सालीवर सांडतो आणि फळ डागतं. विद्यापीठाने ‘नूतन’ झेला काढला, त्याने फळ देठासकट कापलं जातं. आठवीच्या मुलांना एवढंच द्या : काठी, जाळी, एक पातं, आणि देठ दोन सेंटिमीटर राहिला पाहिजे ही अट. आमच्याकडे प्रत्येक मुलाने झेला हातात धरलेला आहे.

अशी आव्हानं कोकणात शोधावी लागत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडवले, बागा आडव्या केल्या. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि छपराला तो नुसता ढकलत नाही, वर उचलतो. कामट्यांचं छप्पर आणि एक टेबलफॅन एवढ्यावर मुलं ते बघू शकतात, आणि मग घरी जाऊन बघतात की आपला पत्रा वाशाला कशाने बांधला आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये वाडीला टँकर लागतो. जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून पाणी कसं निघून जातं, हे एका डब्यात जांभ्याचे तुकडे भरून मोजता येतं. काजू फोडताना तेलाने हात भाजतात, हे तर मुलांच्या आयांनाच विचारावं. यातलं काय घ्यायचं ते त्या त्या शाळेने ठरवावं. कृपा करून मंत्रालयातून छापील यादी पाठवू नका. यादी आली की आधी तिचा अहवाल येतो, मग फोटो, आणि आव्हान त्यात राहून जातं.

पैशांचं एकच मागणं आहे. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. पट कमी तिथे रक्कम कमी, आणि त्यातूनच वीजबिल, खडू, डागडुजी. वर्षाला दोन-तीन हजार रुपये फक्त अशा सामानासाठी वेगळे द्या. सुतळी आणि बांबू गावातल्या दुकानातून किंवा शेतकऱ्याकडून घेता यावा. त्याची साधी पावती चालावी. ठरावीक ठेकेदाराकडून किट घेण्याची सक्ती नको. किट एकदा मोडलं की कपाटात जातं. कामटी मोडली तर मूल घरून दुसरी आणतं.

जूनच्या मध्यावर आमची शाळा उघडेल. तिसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा साकव बांधणार आहोत. या वेळी अंतर एक मीटर असेल, कामट्या पंधराच राहतील. मागच्या वर्षी १७ किलो पेललेल्या मुलीचा गट आता आठवीतून गेला. त्यांची वही नव्या मुलांना द्यायची की नाही, यावर अजून एकमत नाही. मला वाटतं, पहिल्या शनिवारी देऊ नये. आपण कोकणात असाल तर सकाळी साडेसातला या. एक जागा गटात रिकामी ठेवू.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी