‘८० टक्के दोष जनुकांचा’ हे शीर्षक दुरुस्त करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घ आजाराविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला नुसते ‘बीपीडी’ म्हणतात त्या ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेझियाविषयी, आपल्या आरोग्याच्या पानावर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार मानतो. परंतु ‘८० टक्के दोष आईवडिलांच्या जनुकांचा’ हे लेखाचे शीर्षक चुकीचे आहे, आणि ती चूक आमच्या घरात येऊन पोहोचली, म्हणून हे पत्र.

माझी नात २७व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन ९२० ग्रॅम होते. ‘सातमाशी पोर जगते, आठमाशी नाही’ असे आमच्याकडे अजूनही बोलले जाते. काचेच्या पेटीसमोर अकरा आठवडे बसल्यावर त्या म्हणीवरचा माझा विश्वास पार उडाला. गर्भाचे ३६ आठवडे ज्या दिवशी भरले असते त्या दिवशीही तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि बीपीडीच्या निदानाची प्रचलित कसोटी नेमकी तीच आहे. मिरजेच्या रुग्णालयातून ती घरी आली ती कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारे यंत्र, घेऊनच. पुढचे पाच महिने त्या यंत्राची घरघर ऐकण्यात आणि वीज गेली की सिलिंडरची चावी शोधण्यात गेले. याच काळात एक नातेवाईक आपल्या लेखाचे कात्रण घेऊन आले आणि सूनबाईंना म्हणाले, “बघ, छापूनच आलंय. तुझ्या भावाला दमा आहेच की.” सूनबाई काही बोलल्या नाहीत. बाळाच्या गालावरची चिकटपट्टी सुटली होती, ती बदलत राहिल्या.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे त्या ८० टक्क्यांचा माग काढल्याशिवाय मला राहवेना. हा आकडा जुळ्या बाळांच्या अभ्यासांतून आलेला आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात, तर साध्या जुळ्यांमध्ये सरासरीने निम्मा सारखेपणा असतो. एकाला बीपीडी झाल्यावर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण या दोन गटांत किती वेगळे पडते, यावरून जनुकांचा वाटा काढतात. अमेरिकेतील २००६च्या अभ्यासात तो ५३ टक्के निघाला आणि कॅनडातील २००८च्या अभ्यासात सुमारे ८० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु ते बाळाबाळांतील फरकाचे आहेत, एका बाळाच्या आजाराचे नव्हेत.

वाळवा तालुक्यातील ऊसकऱ्याला हे चटकन समजेल. एकाच रानात शेजारच्या सऱ्यांत ८६०३२ आणि फुले २६५ या दोन जातींचा ऊस लावला, पाणी आणि खत दोन्हींना सारखेच दिले, तर उताऱ्यात जो फरक पडेल तो जवळजवळ सगळा बेण्याचा असेल. पण म्हणून उसाचे वजन ८० टक्के बेण्यातून आले आणि २० टक्के पाण्यातून, असे कोणी म्हणत नाही. पाणी तोडले तर दोन्ही सऱ्या वाळतील. रुग्णालयातील निगा जितकी एकसारखी, तितका जनुकांचा वाटा आकड्यात मोठा दिसतो. शिवाय दोष आईकडचा की बापाकडचा, याविषयी हा आकडा एक अक्षरही सांगत नाही.

निगेने किती फरक पडतो याचा पुरावाही २००६चाच आहे. सव्वा किलोपर्यंतच्या सुमारे दोन हजार बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून एका गटाला कॅफीन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीतलेच द्रव्य, औषध म्हणून दिले गेले. ३६ आठवड्यांना ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात सुमारे ३६ टक्के राहिले, तर दुसऱ्यात ४७ टक्के. दोन्ही गटांची जनुके सरासरीने सारखीच होती. मुळात हा आजार १९६७ साली अमेरिकेतील नॉर्थवे या क्ष-किरणतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिला, तोही कृत्रिम श्वासयंत्रावर आणि भरपूर ऑक्सिजनवर ठेवलेल्या बाळांमध्ये.

लेखात या आजारासाठी जनुकांची ‘चाचणी लवकरच’ असेही म्हटले आहे. २०११ साली फ्रान्समधील संशोधकांनी स्पॉक-२ या जनुकाकडे बोट दाखवले. २०१३ साली अमेरिकेत १,७००हून अधिक बाळांची जनुके तपासली गेली, तेव्हा संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला जनुकांतील एकही खूण उतरली नाही. याचा अर्थ जनुके निर्दोष आहेत असा नव्हे. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असावा, आणि अशी गर्दी वेगळी काढणे कठीण असते. त्यात ही बाळे परदेशातील आहेत, आपल्याकडच्या बाळांना तेच ठोकताळे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही.

अशी खूण सापडावी, असे मात्र मला मनापासून वाटते. श्वासयंत्रावरून बाळ सुटावे म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देतात, परंतु जन्मानंतर लगेच दिल्यास त्याने मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे हालचालींवरचा ताबा कायमचा बिघडण्याचा, धोका वाढतो. तेव्हा कोणत्या बाळाला खरोखर गरज आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळले तर डॉक्टरांचे ओझे हलके होईल. आज हा अंदाज गर्भाचे आठवडे, जन्माचे वजन, मुलगा की मुलगी, श्वासाला कोणता आधार आणि किती ऑक्सिजन लागतो, यांवरून बांधतात. भावी खुणेला या साध्या माहितीपेक्षा अधिक काही सांगता आले पाहिजे. दुसऱ्या बाळंतपणाआधी सुनेची ‘जनुके तपासून घ्या’ असा जो सल्ला आम्हाला मिळाला, त्याला आज कसलाच आधार नाही.

माझी विनंती एवढीच की मूळ लेख ज्या पानावर आला, त्याच पानावर, तेवढ्याच टंकात शीर्षकाची दुरुस्ती छापावी. नातीच्या कागदांच्या फाईलमध्ये डिस्चार्ज कार्डामागे ते कात्रण सूनबाईंनी अजून ठेवले आहे. दुरुस्ती आली की ती मी त्याच्यावर टाचून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक
विश्रामबाग, सांगली